काळा मसाला फोनवरून विकताना: जाहिरात, गिऱ्हाईक आणि ओटीपी

लातूर, धाराशिव, बीडकडच्या काळ्या मसाल्याचं आणि उन्हाळ्यातल्या वाळवणाचं पक्कं गिऱ्हाईक शोधायचं तर ते पुण्यात शोधा. हिंजवडी, वाकड, चाकण, भोसरीला नोकरीसाठी गेलेल्या आपल्याच माणसांना तिथल्या दुकानातला मसाला चालवून घ्यावा लागतो, आवडत नाही. त्यांच्यापर्यंत पोचायला मोंढ्यात गाळा लागत नाही, फोन पुरतो. मात्र फोनवरून धंदा करायचा म्हणजे आपला नंबर अनोळखी माणसांना स्वतः होऊन वाटायचा. गिऱ्हाईक ज्या वाटेनं येतं त्याच वाटेनं चोरही येतो. म्हणून इथं जाहिरात आणि सुरक्षा अशी दोन प्रकरणं पाडलेली नाहीत. ज्या पायरीवर जो धोका, तो तिथंच सांगितला आहे. उदाहरण मसाल्याचं घेतलंय, पण वसमतची हळद, पैठणी किंवा कुंथलगिरीचा पेढा विकणाऱ्यालाही हेच लागू पडतं.

नंबर वेगळा, खातं वेगळं

धंद्यासाठी नवीन सिम घ्या, तेही स्वतःच्याच नावावर. भाच्याच्या किंवा गल्लीतल्या पोराच्या नावावरचं सिम वापरलं आणि उद्या फोन हरवला, तर डुप्लिकेट सिमसाठी त्याच्या मागं फिरावं लागतं. नंबर चालू ठेवायला किमान रिचार्ज करत राहा. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते आणि मग तुमच्या गिऱ्हाइकांचे फोन भलत्याकडेच जातात. बंद पडलेला नंबर बँकेला जोडलेला असेल, तर ओटीपीसुद्धा त्याच्याकडेच.

धंद्याचे पैसे घ्यायला बँकेतही वेगळं खातं उघडा. सुरुवातीला साधं बचत खातं चालतं, उलाढाल वाढली की चालू खातं काढा. यूपीआय फक्त याच खात्याला जोडा आणि रात्री चार-पाच हजारांच्या वरची रक्कम घरच्या खात्यात वळवा. घरच्या खात्याला फोनवरचं यूपीआय नसलेलंच बरं. उद्या काही गडबड झालीच, तर चोराच्या हाती चार-पाच हजार लागतील, पोरीच्या लग्नाची ठेव लागणार नाही.

खातं वेगळं ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. समजा कुणी तिसऱ्याला फसवून मिळालेल्या पैशातून तुमच्याकडून मसाला घेतला. त्या तिसऱ्यानं तक्रार केली की पैसा जिथंजिथं गेला त्या सगळ्या खात्यांतली रक्कम गोठवली जाऊ शकते, त्यात तुमचंही खातं येतं. तुमचा दोष काहीच नसतो, पण ते सिद्ध करेपर्यंत पैसे अडकतात. अशा वेळी बिल, व्हॉट्सॲपवरची ऑर्डर आणि कुरियरची पावती कामी येते. या तीन गोष्टी प्रत्येक ऑर्डरच्या जपून ठेवा, साध्या वहीत चिकटवल्या तरी चालतील. आणि "तुमचं खातं महिनाभर वापरायला द्या, कमिशन देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अशा भाड्याच्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस येतात ते खातेदाराकडे.

दुकान उघडायच्या आधी अर्धा तास

नंबर जगजाहीर करण्याआधी पुढची कामं एका बैठकीत उरका.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन असतं. ते चालू करून सहा आकडी पिन टाका आणि ईमेलही द्या, म्हणजे पिन विसरला तर सोय राहते. जन्मसाल आणि फोन नंबरचे आकडे पिनमध्ये नकोत. व्हॉट्सॲप चोरी होतं ते बहुतेक असं: ओळखीच्या माणसाच्या नावानं मेसेज येतो, "चुकून तुझ्या नंबरवर सहा आकडी कोड आलाय, पाठव ना." तो कोड म्हणजे तुमच्याच व्हॉट्सॲपची चावी. ओळखीच्याचं खातं आधीच चोरलेलं असतं, म्हणून नाव आणि फोटो खरे दिसतात. पिन लावलेला असेल तर कोड गेला तरी पुढचं दार बंद राहतं.

व्हॉट्सॲपमधली लिंक्ड डिव्हायसेस, म्हणजे जोडलेल्या संगणकांची यादी, आठवड्यातून एकदा उघडून पाहा. आपण न जोडलेला संगणक तिथं दिसला तर लगेच लॉग आउट करा. सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला व्हॉट्सॲप वेब उघडलं आणि तसंच सोडलं, असं फार घडतं.

गूगल आणि इन्स्टाग्राम खात्यालाही दोन टप्प्यांचं कुलूप लावा. फोन हाताशी नसताना खातं उघडायला गूगल तुम्हाला बॅकअप कोड देतं, ते कागदावर लिहून देव्हाऱ्याखाली ठेवा, फोनच्या गॅलरीत नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, एपीके फाईल. "लग्नपत्रिका", "आरटीओ चलन", "पीएम किसान यादी", "लाडकी बहीण केवायसी" अशा नावांनी व्हॉट्सॲपवर फाईल येते आणि नावाच्या शेवटी डॉट एपीके असतं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते. एपीके म्हणजे ॲप. ते टाकलं की मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली की तुमच्या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी गुपचूप चोराकडे जातो, तुम्ही कुणाला एक आकडाही सांगितलेला नसला तरी. लग्नसराईत ही फाईल जास्त फिरते, कारण तेव्हा अनोळखी नंबरवरून आलेल्या पत्रिकेचंही नवल वाटत नाही. धंदेवाल्याला तर "ऑर्डरची यादी" म्हणूनही ती येते.

बहुतेक ॲन्ड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जच्या शोधपट्टीत "इन्स्टॉल अननोन ॲप्स" असं टाका. समोर ॲपची यादी येईल. त्यात व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल मॅनेजर या सगळ्यांसमोर "नॉट अलाउड" असायला पाहिजे. व्हॉट्सॲपच्या स्टोरेज सेटिंगमधून डॉक्युमेंट आपोआप उतरणंही बंद करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवरही हे लगोलग करून टाका.

चुकून टाकलं गेलंच तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय बंद आहे ना तेही बघा. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला कळवा. ॲप पुसायच्या मागं पहिली दहा मिनिटं घालवू नका. अशी ॲप्स स्वतःचं चिन्ह लपवतात, शोधूनही सापडत नाहीत. नंतर फोटो वेगळे काढून घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करणं हाच खात्रीचा उपाय.

व्हॉट्सॲप बिझनेस नीट मांडा

साध्या व्हॉट्सॲपऐवजी व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, तेही प्ले स्टोअरवरूनच. जीबी व्हॉट्सॲपसारख्या नकली आवृत्त्यांमुळे नंबरावर बंदी येते. एकदा बंदी आली की वर्षभर जमवलेली गिऱ्हाइकं एका दिवसात तुटतात.

प्रोफाइलमध्ये नाव, वेळ, गाव आणि तालुका भरा. घरातून धंदा असेल तर घराचा पूर्ण पत्ता नको. फोटोच्या जागी मसाल्याचा किंवा लेबलचा फोटो लावा. बायकांच्या धंद्यात स्वतःचा फोटो लावला की ऑर्डरपेक्षा "हाय जी" जास्त येतात, हे कटू असलं तरी खरं आहे. धंद्याच्या नंबरवर अनोळखी व्हिडिओ कॉल उचलू नका. पलीकडून अश्लील चित्र दाखवून त्यात तुमचा चेहरा रेकॉर्ड करायचा आणि मग धमकावून पैसे मागायचे, असा हा डाव असतो. आलाच तर एक रुपयाही देऊ नका, कारण पैसे दिले की मागणी वाढतेच. स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा, तक्रार करा.

कॅटलॉगमध्ये ५०० पर्यंत वस्तू टाकता येतात, पण तुम्हाला आठ पुरे. प्रत्येक वस्तूखाली वजन, किंमत, कशापासून केली आणि किती दिवस टिकते एवढं हवंच. किंमत लपवून "इनबॉक्स करा" लिहिणाऱ्यांचं गिऱ्हाईक तिथंच निसटतं. माणूस विचारायला लाजतो आणि पुढं जातो.

बऱ्याच जणांचा जाहिरातीचा मेसेज असा असतो: "शुद्ध, सात्त्विक, घरगुती, उत्कृष्ट दर्जाचा मसाला! संपर्क करा!!" यात विकत घेण्यासारखं काहीच नाही. हा पाहा:

"लातूरकडचा काळा मसाला. धने, खोबरं, तीळ, दगडफूल घरी भाजून डंकावर कांडलेला. अर्धा किलो ३५० रुपये, पुण्यात कुरियर ६० वेगळे. तिखट मध्यम. मंगळवारी कांडप, बुधवारी पार्सल निघतं. पाहिजे असेल तर फक्त 'मसाला' आणि पिनकोड पाठवा."

वाचणाऱ्याला किंमत कळली, कधी येणार ते कळलं आणि पुढं काय करायचं तेही कळलं. "तिखट मध्यम" हे दोन शब्द विसरू नका, निम्मी विचारणा त्याचीच असते. भाव ज्याचे त्याने आपल्या हिशोबानं घालावेत.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात. पण तुमचा मेसेज त्यालाच पोचतो, ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय. म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये चिठ्ठी टाका: "हा नंबर सेव्ह करा, पुढच्या कांडपाची तारीख कळवू." कुणाकडून तरी दहा हजार नंबरांची यादी विकत घेऊन धडाधड मेसेज टाकू नका. लोक रिपोर्ट करतात आणि नंबर बंद पडतो. महिन्यातून दोनदा पुरे. महालक्ष्म्या, दसरा-दिवाळी आणि वेळ अमावस्येच्या आधी आठ-दहा दिवस, आणि वाळवणाच्या वेळी फाल्गुन-चैत्रात जरा जास्त. रोजचं बोलणं स्टेटसवर करा, ते कुणाला टोचत नाही.

नेहमीची उत्तरं क्विक रिप्लायमध्ये साठवा आणि ऑर्डरींना लेबल लावा: नवीन, पैसे आले, पार्सल गेलं. हे लेबल म्हणजेच तुमची वही. ते लावायचा कंटाळा केला की एकाच गिऱ्हाइकाला दोन पार्सलं जातात, तर दुसरं वाट बघत बसतं.

फोटो

फोटोआधी फोनची काच सुती कापडानं पुसा. अर्धे धूसर फोटो बोटांच्या तेलामुळे येतात. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीजवळ, उन्हाचा थेट पट्टा पडणार नाही अशा जागी मांडा आणि ट्यूबलाईट बंद करा. ट्यूबच्या उजेडात हळद हिरवट आणि मसाला राखेसारखा दिसतो. फ्लॅश तर नकोच.

काळ्या मसाल्याचा त्रास असा की फोटोत तो मातीसारखा दिसतो. काळ्या पाटावर आणि चकचकीत स्टीलच्या ताटात तो मांडू नका. पांढरी बशी किंवा पळसाची पत्रावळ घ्या, ढिगावर एक चमचा ठेवा म्हणजे किती आहे ते कळतं, आणि शेजारी तर्री आलेल्या रश्श्याची वाटी ठेवा. मसाला कुणी नुसता खात नाही, माणसाला रस्साच आठवतो. कांडपाचा पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या, डंकाचा आवाज तसाच राहू द्या, वर गाणं चढवू नका. रीलला तेच चालतं.

साडी विकणाऱ्यांनी पदराची उलटी बाजूही दाखवावी. हातमागाच्या अस्सल पैठणीची नक्षी मागून-पुढून जवळजवळ सारखीच दिसते, तिथं लोंबणारे धागे दिसत नाहीत. जाणकार गिऱ्हाईक तेच बघतं.

दुसऱ्याचे फोटो उचलू नका. आणि फोटोत मागं भिंतीवर लाईटबिल, आधार कार्ड किंवा घराचा नंबर येत नाही ना, हे पाठवण्याआधी मोठं करून बघा.

गूगल मॅपवर नाव

गूगल बिझनेस प्रोफाइल पूर्णपणे फुकट आहे. हे वाक्य पाठ करा, कारण नाव टाकल्यावर लगेच कुणीतरी फोन करतं: "गूगलमधून बोलतोय, तुमची लिस्टिंग बंद होणार, २,९९९ भरा." गूगल लिस्टिंगचे पैसे घेत नाही आणि पडताळणीचा कोडही मागत नाही.

नावाच्या जागी पाटीवर जे आहे तेवढंच टाका. "लातूरमधला सर्वोत्तम स्वस्त काळा मसाला" असं नाव ठेवलं तर गूगल प्रोफाइल थांबवू शकतं. पडताळणीला बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. त्यात रस्ता, पाटी, आतला माल आणि धंदा तुमचाच असल्याची खूण, म्हणजे कुलूप उघडताना किंवा बिलबुक, असं एकाच फटक्यात न थांबता दाखवावं लागतं. घरातून धंदा असेल तर पत्ता लपवून फक्त कोणकोणत्या भागात माल देता तेवढं ठेवता येतं. गिऱ्हाइकानं वाईट अभिप्राय टाकला तर भांडू नका. "मसाल्यात गाठी झाल्या होत्या" असं कुणी लिहिलं तर कारण सांगा आणि बदलून द्या. तुमचं उत्तर पुढचे शंभर जण वाचणार असतात.

पैसे देऊन जाहिरात

ओळखीतल्या पन्नास जणांनी दुसऱ्यांदा मागवल्याशिवाय पैशाची जाहिरात करू नका. माल जमलाय की नाही हे जाहिरात सांगत नाही, दुसरी ऑर्डर सांगते.

वेळ आली की इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवरची जी रील आपणहून चांगली चालली, तीच पुढे ढकला. ठिकाण म्हणून अख्खा महाराष्ट्र नको, पिंपरी-चिंचवडभोवतीचा थोडका टापू निवडा. बटण व्हॉट्सॲपवर मेसेज येईल असं ठेवा. रोज २०० रुपये, पाच दिवस. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ११८० रुपये.

आता हिशोब. समजा ३५ जणांनी विचारलं, सात जणांनी अर्धा-अर्धा किलो घेतला. अर्ध्या किलोला कच्चा माल, कांडप, पाकीट मिळून २३० रुपये लागतात आणि ३५० ला विकता, तर सुटतात १२०. सात गुणिले १२० म्हणजे ८४०. घाटा ३४० रुपयांचा. बहुतेक जण इथंच जाहिरातीला शिव्या देऊन सोडतात. पण त्या सातातल्या तिघांनी दोन महिन्यांत पुन्हा मागवलं, तर आणखी ३६० येतात आणि वीस रुपये वरती उरतात. तिसऱ्यांदा मागवलं की सगळा नफाच. म्हणून कुठली ऑर्डर जाहिरातीतून आली, यासाठी वेगळं लेबल लावा. ३५ विचारणा आणि एकच ऑर्डर असं झालं तर दोष जाहिरातीत नाही, किमतीत, कुरियरच्या खर्चात किंवा उशिरा दिलेल्या उत्तरात आहे.

जाहिरातीला मुख्य खात्याचं कार्ड जोडू नका, धंद्याच्या खात्याचंच द्या आणि खर्चाची मर्यादा आधी बांधा. पेज चालवायला कुणाला दिलंत तर पासवर्ड देऊ नका, पेजवर त्याला त्याच्या कामापुरता ॲक्सेस द्या. भांडण झालं की तो काढता येतो. पासवर्ड दिलेला माणूस आधी तुम्हालाच बाहेर काढतो. "तुमच्या पेजवर कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत लिंकवर अर्ज करा" हा मेसेज मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या, निळ्या चिन्हासह आला तरी खोटाच समजा. खरी सूचना ॲपच्या आतच सपोर्टच्या जागी दिसते. फॉलोअर विकत घेणं म्हणजे रिकाम्या खुर्च्यांसमोर कीर्तन.

पैसे घेताना

यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही, काहीच करावं लागत नाही. माणसानं माणसाकडे पैसे मागायची कलेक्ट रिक्वेस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. तरी क्यूआर पाठवून फसवणं चालूच आहे.

नव्या धंदेवाल्याला हमखास येणारा फोन असा असतो. डीपीवर वर्दीतला फोटो, बोली हिंदी. "मॅडम, यूनिट के लिए चालीस किलो मसाला चाहिए. रेट बताइए." तुम्ही घाबरत घाबरत भाव सांगता, तो घासाघीस न करता लगेच हो म्हणतो. पहिली खूण हीच. चाळीस किलोला भाव न करणारं गिऱ्हाईक मोंढ्यात कुणी पाहिलंय का? मग ओळखपत्राचा फोटो येतो. मग, "हमारा पेमेंट सिस्टम अलग है. पहले आप एक रुपया भेजिए, हम दो रुपये वापस करेंगे." तुम्ही एक पाठवता, खरंच दोन येतात. विश्वास बसतो. पुढचा क्यूआर येतो त्यात रक्कम आधीच भरलेली असते, आणि पिन टाकला की ती तुमच्या खात्यातून जाते. तो गडबडल्याचं नाटक करून सांगतो, "एरर आ गया, फिर से कीजिए." तुम्ही पुन्हा करता.

यावर नियम एकच: घाऊक ऑर्डरीची निम्मी रक्कम खात्यात जमा दिसल्याशिवाय मिरचीचं देठसुद्धा खुडायचं नाही. खरा व्यापारी याला नाही म्हणत नाही. नोंदणीसाठी म्हणून कुणी आधार मागितलंच, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

दुसरा प्रकार खोट्या मेसेजचा. १०५० रुपयांच्या ऑर्डरीवर मेसेज येतो, "खात्यात १०,५०० जमा." पाठोपाठ रडवेला फोन: "एक शून्य जास्त पडलं, दवाखान्यात आहे, ९,४५० परत करा." मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून आलेला असतो. बँकेचा मेसेज नंबरावरून नाही, अक्षरांच्या नावानं येतो. तरी मेसेजवर भिस्त नकोच. स्वतःचं बँकेचं ॲप उघडा, शिल्लक बघा, मगच बोला. स्क्रीनशॉटचंही तेच, हुबेहूब पावती दाखवणारी खोटी ॲप्स आहेत. प्रदर्शनात किंवा जत्रेत स्टॉल लावला तर पैसे आले की बोलून सांगणारा साउंडबॉक्स घ्या, आणि आपल्या क्यूआरवर कुणी दुसरा चिकटवलेला नाही ना, हे रोज सकाळी स्वतः एक रुपया टाकून तपासा.

बँकेचा किंवा कुरियरचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधू नका. तिथं चोरांनी आपले नंबर पेरलेले असतात. बँकेचा नंबर पासबुकावर किंवा कार्डामागे असतो. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं आता बँकांच्या वेबसाईटचा पत्ता डॉट बँक डॉट इन असा संपतो, तो बघून घ्या. सरकारी योजनेच्या पत्त्यात शेवटी गव्ह डॉट इन हवं, मधे कुठंतरी असून चालत नाही.

पाकीट, लेबल, पार्सल

कांडलेला मसाला गरम असतो. तो पूर्ण गार झाल्याशिवाय भरला की आत वाफ धरते आणि गाठी होतात. खोबरं असल्यामुळे तो खवटही होतो, म्हणून टिकण्याची मुदत स्वतः एक पाकीट ठेवून बघून मगच लिहा. आत एक जाड पाकीट सील करून, ते दुसऱ्या पाकिटात घाला. तेल बाहेर आलं तर पत्ता पुसला जातो.

लेबलवर वस्तूचं नाव, घटक, निव्वळ वजन, एमआरपी, केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीचा फोन आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी नोंदणीचा १४ आकडी क्रमांक लागतो. तो नंबर दुसऱ्याचा वापरू नका, कुणालाही तपासता येतो. "शुगर बरी होते" असलं काही लिहू नका, कायद्यात अडकाल. भौगोलिक मानांकन मिळालेल्या नावाचा जीआय शिक्का अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तरच छापा.

कुरडया-पापडांत कुरियर खिसा कापतं. हलक्या पण फुगीर मालाला कुरियरवाले आकारमानाचं वजन लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. ४० बाय ३० बाय ३० च्या खोक्यात कुरडया दोन किलोच असल्या, तरी हिशोब ७.२ किलोचा होतो. म्हणून पुण्याला जाणारं वाळवण रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवणं स्वस्त पडतं. गाडीचा नंबर, चालकाचा फोन आणि उतरवायचा थांबा गिऱ्हाइकाला आधी कळवा. पैसे मात्र आधी घ्या, कारण ट्रॅव्हल्सच्या पार्सलचा माग काढता येत नाही. नव्या गिऱ्हाइकाला कॅश ऑन डिलिव्हरी नको. पार्सल परत आलं की जाण्या-येण्याचं भाडं तुमच्याच अंगावर पडतं.

पार्सलं पाठवायला लागलात की "पत्ता अपूर्ण आहे, २५ रुपये भरा" असे पोस्टाच्या नावाचे मेसेजही यायला लागतात. लिंक उघडू नका. पार्सलचा नंबर अधिकृत साईटवर स्वतः टाकून बघा.

पैसे गेलेच तर

लाजून गप्प बसू नका आणि घरच्यांना सांगू का नको या विचारात रात्र घालवू नका. चोरलेला पैसा काही मिनिटांत एका खात्यातून चार खात्यांत जातो आणि एटीएममधून निघतो. तो निघायच्या आत अडवता आला तरच मिळण्याची आशा.

लगेच १९३० लावा. लाईन लागली नाही तर लावत राहा, तोवर दुसऱ्यानं बँकेच्या नंबरवर फोन करून खातं आणि यूपीआय थांबवायला सांगावं. हातात पुढच्या गोष्टी असू द्या: तुमचा खाते क्रमांक, किती वाजता किती रुपये गेले, समोरच्याचा नंबर किंवा यूपीआय आयडी, आणि व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक. तो यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की खाली दिसतो. १९३० वरून मिळालेला तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर स्क्रीनशॉटसह तक्रार पूर्ण करा. चॅट पुसू नका, रागाच्या भरात आधी ब्लॉकही करू नका. पुरावा निघून जातो.

फोनच चोरीला गेला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, टाकून तो बंद करता येतो. हा नंबर *#०६# दाबलं की दिसतो. आजच काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हेही त्याच पोर्टलवर कळतं. अनोळखी सिम दिसलं तर तिथूनच कळवा.

तक्रारीनंतर आठ-दहा दिवसांनी एक फोन येण्याची शक्यता असते: "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला प्रोसेसिंग फी भरा." तो पहिल्याच चोराचा भाऊबंद असतो. पोलीस फी मागत नाहीत. तक्रार क्रमांक घेऊन थेट ठाण्यात जा आणि तिथंच विचारा.